गेलिक क्लबची एजीएम: मत कसं द्यायचं आणि दोन खेळ एका मैदानावर कसे नांदवायचे

नोव्हेंबर उजाडला की आयर्लंडमधल्या गेलिक क्लबांच्या, म्हणजे तिथले पारंपरिक खेळ खेळणाऱ्या क्लबांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप येतो: अमुक तारखेला, रात्री 8 वाजता, क्लबहाउसमध्ये एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. आपल्यातले बहुतेक आईबाप तो वाचतात आणि विसरतात. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. मुलगा शनिवारी सकाळी हर्लिंगला, म्हणजे काठी आणि लहान चेंडूच्या खेळाला जातो, मी कुंपणापाशी चहाचा कप धरून उभी राहते, क्लबशी आपला संबंध एवढाच, असं वाटायचं. तिसऱ्या वर्षी त्याच्या वयोगटाचा हर्लिंगचा सराव शनिवारवरून बुधवारी गेला, आणि बुधवारी तर त्याच मुलांचा फुटबॉलचा सराव होता. चौकशी केली तेव्हा कळलं, हे कमिटीत ठरलं. कमिटी निवडली गेली एजीएममध्ये, आणि त्या रात्री हर्लिंगच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतं. मी घरी भांडी आवरत होते.

त्यानंतर मी एकही सभा चुकवलेली नाही. पुढे 3 वर्षं रजिस्ट्रारचं, म्हणजे सभासदांची नोंद ठेवण्याचं कामही केलं. डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिकला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडी ओळख

गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘जीएए’, 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावात हेज हॉटेलमध्ये स्थापन झाली. मायकल क्युसॅक यांनी पुढाकार घेतला, मॉरिस डेव्हिन पहिले अध्यक्ष झाले. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल (यात चेंडू हातानेही खेळतात) हे दोन्ही खेळ हीच संस्था चालवते. दोन्हींत एका बाजूला 15 खेळाडू, दोन्हींना इंग्रजी एच अक्षरासारखे तेच गोलपोस्ट, आणि मैदानही तेच: 130 ते 145 मीटर लांब, 80 ते 90 मीटर रुंद. एकाच मैदानावर दोन खेळ आणि बऱ्याचदा तीच 20-25 मुलं, म्हणून वेळ वाटून घ्यावी लागते. सगळी ओढाताण त्या वाटपावरून होते.

दुसरी गोष्ट, इथे खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर 82,300 प्रेक्षक मावतात, आणि त्यांच्यासमोर ऑल आयर्लंड या देशपातळीवरच्या स्पर्धेची फायनल खेळणारा शिक्षक सुट्टी संपली की पुन्हा वर्गात उभा असतो. क्लबचा अध्यक्षही कुठे नोकरी करून संध्याकाळी हे काम पाहतो. आपल्याकडचं गणेशोत्सव मंडळ किंवा कबड्डी-खो-खोचं क्रीडा मंडळ डोळ्यासमोर आणा, बरंच उलगडेल.

पहिलं काम मार्चमध्ये

सभा हिवाळ्यात असली तरी मताचा हक्क त्याच वर्षीच्या 31 मार्चला ठरतो. त्या तारखेपर्यंत प्रौढ सभासदाची वर्गणी भरलेली हवी. वर्गणी ‘फ्विरन’ या ऑनलाइन प्रणालीतून भरतात. शब्द आयरिश भाषेतला, अर्थ ‘संघ’.

इथे आपली माणसं हमखास चुकतात. मुलाची फी भरली म्हणजे आपण सभासद झालो असं त्यांना वाटतं. तसं नसतं. 18 वर्षांखालच्या सभासदाला मत नाही, आणि पालकाने स्वतःच्या नावाने पूर्ण सभासद व्हावं लागतं. अनेक क्लबांत कुटुंबाची एकत्र वर्गणी असते, त्यात आईबाप दोघांचीही नावं वेगवेगळी नोंदवली आहेत ना ते फ्विरनमध्ये उघडून बघा. वर्षानुवर्षं मैदानाच्या रेषा आखणाऱ्या एका बाबांना मला मतपत्रिका नाकारावी लागली होती, कारण त्यांच्या घरातून फक्त दोन्ही मुलींची नावं नोंदलेली होती. ते काही न बोलता मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. अजून आठवलं की वाईट वाटतं.

त्याच वेळी सेक्रेटरीकडे क्लबची घटना मागून घ्या. ती गुप्त नसते. नोटीस किती दिवस आधी, नामांकन कधीपर्यंत, कोणती पदं निवडणुकीने, हे सगळं त्यात असतं. जीएएची नियमावली सगळ्यांना लागू असली तरी प्रत्येक क्लबाच्या काही जादा उपसमित्या आणि जुन्या रीती असतात, त्या विचारूनच कळतात.

कोणत्या पदाच्या हातात काय

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, रजिस्ट्रार, प्रसिद्धी पाहणारा पीआरओ, मुलांच्या सुरक्षिततेसाठी चिल्ड्रन्स ऑफिसर, खेळाडूंचा प्रतिनिधी आणि आणखी काही सभासद मिळून कमिटी होते. आयरिश नावं कानावर पडतील तेव्हा गोंधळू नका: काहिरलख म्हणजे अध्यक्ष, रूनी म्हणजे सेक्रेटरी, किश्त्योर म्हणजे खजिनदार. लहान मुलांच्या संघांसाठी बहुतेक क्लबांत वेगळी ज्युव्हेनाइल कमिटी असते. पालक म्हणून तुमचा रोजचा संबंध तिच्याशीच येतो, त्यामुळे तिथे कोण बसणार आहे ते आधी शोधा.

सगळ्यांचं लक्ष अध्यक्षपदाकडे असतं. माझ्या मते दोन खेळांच्या क्लबात सेक्रेटरीचं पद जास्त वजनाचं आहे. काउंटी बोर्डाशी, म्हणजे जीएएच्या जिल्हा पातळीवरच्या समितीशी, सगळा अधिकृत पत्रव्यवहार त्याच्याच हातून जातो: सामन्यांच्या तारखा, पुढे ढकलण्याची विनंती, हरकती. शनिवारी फुटबॉल आणि रविवारी हर्लिंग एकाच गटाच्या वाट्याला आलं, तर ईमेल पहिल्या तासात जातो की चौथ्या दिवशी, यावर मुलांचा आठवडा ठरतो.

खजिनदाराकडेही नीट बघा. फुटबॉलला चेंडू, बिब आणि कोन घेतले की बरंचसं काम भागतं. हर्लिंगमध्ये हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे, आणि काठी मोडते. (किलकेनीकडे तिला हर्ल म्हणतात, कॉर्ककडे हर्ली.) ती परंपरेने ॲश झाडाच्या लाकडाची. 2012 मध्ये आयर्लंडमध्ये ॲशच्या झाडांवर मर रोग आढळला आणि तेव्हापासून या लाकडाची चिंता प्रत्येक क्लबाला आहे; बांबूच्या आणि कृत्रिम काठ्याही आता दिसतात. ‘दोन्ही खेळांना सारखे पैसे’ असं म्हणणारा खजिनदार प्रामाणिक असूनही हर्लिंगवर अन्याय करून बसतो.

नामांकन

सभेच्या काही आठवडे आधी सेक्रेटरी नामांकनं आणि ठराव मागवतो. नामांकनाला एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघेही पूर्ण सभासद. ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारा. न विचारता नाव टाकलं की माणूस सभेत माघार घेतो आणि ते पद रिकामं राहतं, असं मी दोनदा पाहिलं आहे.

बहुतेक पदं बिनविरोध भरतात, कारण माणसंच मिळत नाहीत. लढत झालीच तर ती अध्यक्षपदासाठी होते आणि गाव कुजबुजतं, ‘फुटबॉलवाले विरुद्ध हर्लिंगवाले.’ काही ठिकाणी यावर तोड म्हणून आलटून पालटून पद देण्याची रीत असते: यंदा फुटबॉलचा माणूस, मग हर्लिंगचा. मला ही रीत पटत नाही. त्यात प्रत्येक अध्यक्ष आपल्या खेळाचा प्रतिनिधी म्हणूनच खुर्चीत बसतो, आणि दुसऱ्या खेळाचे लोक त्याची मुदत संपायची वाट बघतात.

त्यापेक्षा उमेदवाराला भेटा आणि तीन गोष्टी विचारा. दोन्ही खेळांचं वर्षाचं वेळापत्रक एकत्र कोण बसवणार? एकाच दिवशी दोन सामने आले तर निर्णय कुणाचा, आणि तो आधी लिहून ठेवणार का? दुसऱ्या खेळाच्या सरावाला गेलेल्या मुलाला एखाद्या प्रशिक्षकाने संघाबाहेर बसवलं तर तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जो गडबडतो त्याला मी मत देत नाही, मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

ठरावही आत्ताच लिहून द्यायचा. सभेत उभं राहून ‘असं करायला हवं’ म्हटलं की टाळ्या मिळतात आणि इतिवृत्तात एक ओळ जाते. मुदतीत दिलेला लेखी ठराव मताला टाकावा लागतो. आम्ही दिलेला ठराव साधा होता: ‘12 वर्षांखालील कोणत्याही गटाचे हर्लिंग आणि फुटबॉलचे सराव एकाच संध्याकाळी ठेवू नयेत, दोन्ही खेळांच्या प्रशिक्षकांनी जानेवारीअखेर संयुक्त वेळापत्रक कमिटीला द्यावं.’ दोन वाक्यं, एक तारीख, आणि काम कुणाचं ते स्पष्ट. तो मंजूर झाला.

सभेच्या रात्री

दहा मिनिटं आधी जा. समोर एका टेबलामागे पदाधिकारी बसतात. मागच्या सभेचं इतिवृत्त, सेक्रेटरीचा अहवाल, हिशेब, अध्यक्षांचं भाषण, मग निवडणूक आणि ठराव, असा साधारण क्रम. वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं घेऊन सगळे उभे राहतात, तो क्षण मला दरवर्षी आतून हलवतो. ज्या माणसाने माझ्या मुलाच्या हातात पहिली काठी दिली, त्याचं नाव मी असंच एका सभेत ऐकलं.

हिशेबाची प्रत हातात आली की दोन्ही खेळांचा खर्च वेगळा दाखवला आहे का ते पहा. नसेल तर पुढच्या वर्षी दाखवावा अशी विनंती करा. लॉटोचं उत्पन्नही बघा, कारण अनेक क्लब आठवड्याच्या त्या सोडतीवरच उभे असतात.

लढत असेल तर चिठ्ठ्या वाटून गुप्त मतदान होतं. बोलायचं असेल तर हात वर करून अध्यक्षांना उद्देशून बोलतात, समोरच्या माणसाला थेट नाही. इंग्रजी बोलण्याच्या ढंगाची काळजी सोडा. आपलं नाव, मूल कोणत्या गटात खेळतं, आणि एकच मुद्दा, एवढं पुरे. पहिल्यांदा बोलले तेव्हा माझा आवाज कापत होता. सभा संपल्यावर एक आजोबा जवळ आले आणि म्हणाले, ‘चाळीस वर्षं मी या खोलीत येतोय, वेळापत्रकाबद्दल कुणी आईने विचारलेलं आज पहिल्यांदा ऐकलं.’

दोन खेळ, तीच मुलं

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं आपण म्हणतो. कॉर्क शहरातल्या सेंट फिनबार्स क्लबने ते खोटं ठरवलं: हर्लिंगचं ऑल आयर्लंड क्लब विजेतेपद 1975 आणि 1978 मध्ये, फुटबॉलचं 1980, 1981 आणि 1987 मध्ये. कित्येक दशकं दोन्ही मिळवणारा तो एकटाच होता. मग दक्षिण डब्लिनमधल्या डॉकीच्या क्युआला क्लबने 2017 आणि 2018 मध्ये हर्लिंग जिंकलं आणि जानेवारी 2025 मध्ये फुटबॉल. डेरी काउंटीतल्या स्लॉटनील या छोट्या ग्रामीण क्लबने तर 2016 मध्ये फुटबॉल, हर्लिंग आणि कॅमोगी (मुलींचं हर्लिंग) अशी अल्स्टर प्रांताची तिन्ही विजेतेपदं एकाच वर्षी आणली. कॉर्कमध्येच दुसराही मार्ग दिसतो: ग्लेन रोव्हर्स हर्लिंग खेळतो, सेंट निकोलस फुटबॉल, क्लब दोन, पण माणसं बरीचशी तीच. तुमच्या क्लबाला कोणता मार्ग झेपेल हे मुलांच्या संख्येवर अवलंबून आहे. एका वयोगटात 18 मुलं असतील तर खेळानुसार संघ वेगळे करण्याचा विचारही करू नका, दोन्ही संघ कोसळतील.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. सभेत ‘दोन्ही खेळांना समान वेळ’ ही मागणी ऐकायला बरोबर वाटते. मला ती अर्धीच बरोबर वाटते. फुटबॉल मूल दहाव्या वर्षीही उचलू शकतं. पळणं, झेलणं, लाथ मारणं ते शाळेच्या पटांगणात शिकतच असतं. हर्लिंगमध्ये 110 ते 120 ग्रॅमचा स्लिओतर, म्हणजे हर्लिंगचा चेंडू, काठीच्या पात्यावर तोलत धावायचं असतं. तो हात सहाव्या-सातव्या वर्षी बसला नाही तर पुढे फार जड जातं. म्हणून लहान वयात हर्लिंगला थोडे जास्त तास, आणि वय वाढेल तसं दोन्ही बरोबरीला, अशी आखणी मला न्याय्य वाटते. फुटबॉलवाल्यांना हे पटवायचं तर त्यांच्या भाषेत सांगा: काठीमुळे नजर आणि हात तयार होतात, ते झेलायलाही उपयोगी पडतात. क्लबहाउसची एखादी कोरी भिंत चेंडू मारायला मोकळी ठेवली तर अर्धं काम तिथेच होतं. भिंत कुणाचाही वेळ खात नाही.

दोन्ही सराव एकाच मैदानाच्या दोन टोकांना ठेवण्याची कल्पना कुणी ना कुणी दरवर्षी मांडतो. ती मोडून काढा. मोठ्या मुलाने मारलेला स्लिओतर अर्ध्या मैदानापलीकडे सहज जातो, आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट नसतं.

मुलं 14-15 वर्षांची झाली की भार कळायला लागतो. क्लबचे दोन संघ, शाळेचे दोन, एखाद्याची काउंटीच्या निवड शिबिरातही वर्णी. प्रत्येक प्रशिक्षक स्वतःपुरता ‘आठवड्यातून फक्त दोनदा’ बोलावतो. मुलाच्या बाजूने मोजलं की आठ होतात. आमच्या क्लबात आम्ही प्रत्येक मुलाचा एक तक्ता केला, त्यात शाळेसकट सगळे सराव आणि सामने, आणि तो दोन्ही प्रशिक्षकांना दिसतो. आठवड्यात एक दिवस सक्तीचा मोकळा. पहिल्याच महिन्यात एका मुलाचा गुडघा का दुखतो आहे ते त्या कागदावर स्पष्ट दिसलं.

मोठ्यांच्या संघांचं गणित वेगळं. 2022 पासून काउंटी संघांचा हंगाम जुलैत संपतो आणि क्लबांची मुख्य स्पर्धा त्यानंतर सुरू होते. अनेक ठिकाणी एका शनिवार-रविवारी हर्लिंग, पुढच्या खेपेला फुटबॉल. क्लब दोन्हींत पुढे जात राहिला तर त्याच डझनभर खेळाडूंना ऑगस्टपासून एकही मोकळा आठवडा मिळत नाही. 1990 साली कॉर्कने दोन्ही ऑल आयर्लंड जिंकले आणि टेडी मॅकार्थी दोन्ही संघांत खेळला. एकाच वर्षी दोन्ही फायनल जिंकणारा तो एकमेव. त्याचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. अपवादाकडे बोट दाखवून 17 वर्षांच्या पोराकडून तेच मागू नये, एवढं मी प्रत्येक वेळी म्हणते.

मुली असतील तर

मुलींचं फुटबॉल आणि कॅमोगी अजून वेगळ्या संस्थांकडे आहे: कॅमोगीची संस्था 1904 ची, लेडीज गेलिक फुटबॉलची 1974 ची. जीएएसकट तिन्ही एकत्र आणण्याचं काम माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं आणि त्यासाठी 2027 हे उद्दिष्ट ठेवलं गेलं. तोवर तुमच्या क्लबात मुलींच्या विभागाची कमिटी आणि सभा वेगळी आहे का, ते विचारून घ्या. घरात मुलगा आणि मुलगी दोघंही खेळत असतील तर चार वेळापत्रकं एका स्वयंपाकघरात येतात, आणि ती एकत्र बसवा असं कमिटीला सांगण्याचा हक्क तुम्हालाच आहे.

क्लबच्या वर

क्लब आपले प्रतिनिधी काउंटीला पाठवतो. काउंटीचं अधिवेशन साधारण डिसेंबरात, आणि तिथे एका पदावर सलग 5 वर्षांहून जास्त राहता येत नाही. त्याच्यावर चार प्रांतांच्या परिषदा, आणि सगळ्यात वर फेब्रुवारीत भरणारी वार्षिक काँग्रेस. जीएएचा अध्यक्ष 3 वर्षांसाठी असतो; आर्मा काउंटीतले जारलथ बर्न्स 2024 मध्ये त्या पदावर आले. ही निवड पसंतीक्रमाने होते, आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात 1, 2, 3 असे आकडे घालतात तशी. नियम बदलायला काँग्रेसमध्ये 60 टक्के मतं लागतात.

तुमच्या क्लबच्या एजीएमचा ठराव काउंटीच्या अधिवेशनातून थेट काँग्रेसपर्यंत जाऊ शकतो. दडपण खालून आलं की काय होतं ते मे 2025 मध्ये दिसलं. कॅमोगीत स्कर्टवजा ‘स्कॉर्ट’ सक्तीचा होता, खेळाडू वैतागल्या, काही सामन्यांआधी शॉर्ट्स घालून मैदानात उतरल्या, आणि कॅमोगीच्या संस्थेने खास बोलावलेल्या काँग्रेसने 98 टक्के मतांनी शॉर्ट्सची मुभा दिली.

निवडून आलात तर

जुन्या पदाधिकाऱ्याकडून पासवर्ड, सामन्यांचे ईमेल आणि बँकेतल्या सह्यांचे कागद पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. जानेवारीच्या बैठकीत संयुक्त वेळापत्रक हा पहिला विषय ठेवा, नाहीतर तो मार्चपर्यंत सरकतो. मुलांसोबत काम करणार असाल तर तीन गोष्टी लागतात: पोलिसांची तपासणी म्हणजे गार्डा व्हेटिंग, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, आणि प्रशिक्षक होणार असाल तर त्याचा प्राथमिक अभ्यासक्रम. उत्तर आयर्लंडमध्ये गार्डाऐवजी ॲक्सेस एनआय ही तिथली तपासणी.

व्हेटिंगच्या अर्जात जन्मापासून आजवरचे सगळे पत्ते भरावे लागतात. मी त्यासाठी आईला रत्नागिरीला फोन केला आणि बाबांच्या बदल्यांची गावं क्रमाने लिहून घेतली: दोन सरकारी क्वार्टर्स, एक चाळ, पुण्यातलं वसतिगृह, ठाण्याची भाड्याची खोली. तासभर गेला. तुम्ही ती यादी सभेच्या आधीच करून ठेवा, म्हणजे जानेवारीत मैदानावर पहिल्या दिवसापासून उभं राहता येईल.